तारेचे दोन फेर

झुल्मिराबाईंचा निरोप आला तेव्हा मी कोंबड्यांना मका टाकत होते.
"टाकी भरते, तिसरा हिस्सा जातो, मग थांबते.
घरात मी आणि शेळी. आम्ही इतकं पीत नाही."
निरोप आणणाऱ्या पोराने मोटारसायकल बंद न करता
वर स्वतःचं जोडलं:
"कुठेतरी पाणी मुरतंय, इव्होनेतबाई."

मुरतंयच.
एकोणीस वर्षं मुरतंय.

आमच्या गावाचं नाव लागोआ सेका, म्हणजे सुकलेलं तळं.
आठ महिने आभाळ घासून पालथं घातलेलं भांडं.
छपरावरचं पाणी पन्हळीतून टाकीत उतरतं
आणि वर्षभर वाटीवाटीने बाहेर येतं.
झुल्मिराबाईंची टाकी पांढरी, गोल, कमरेपर्यंत जमिनीत,
सिमेंटच्या फरश्या उभ्या, भोवती तार, वर टोपी.
मी बांधलेली पहिली.

आम्हा सात बायकांना अदालजीझाने शिकवलं होतं:
थापी कशी धरायची, वाळूत माती किती चालते,
पुरुष कुंपणावर बसून हसले तर काय करायचं.
(काही नाही. पुढची फरशी लावायची.)
तार वीस फेर, खालून वर, खेचून.
अठराव्या फेराला माझं भेंडोळं संपलं.
दुसरं आणायला दीड दिवस, गाढवावरून.
आणि कुंपणावर झुल्मिराबाईंचा नवरा, दात कोरत.
मी गिलावा मारला.
गिलाव्याखाली सगळ्या तारा सारख्याच दिसतात,
नसलेल्यासुद्धा.

आज गेले तर मांदाकारूचे काटेसुद्धा वाळलेले,
आणि टाकीच्या पायथ्याशी हातभर हिरवळ.
शेळी तिथून हलत नव्हती.
मी उगाच सगळीकडून फिरले, कान लावला,
बोटाने वाजवून पाहिलं, वैद्य नाडी बघतो तसं.
भेग कुठे आहे ते मला माहीत होतं.
चुन्याखाली ओल पसरली होती, त्याच उंचीवर,
आडवी, केसाएवढी.

छिन्नीने तोंड मोठं केलं.
लहान भेग बुजत नाही, आधी तिला उघडावं लागतं.
ब्रशने धूळ काढली, पाणी मारलं,
एकाला दोन कालवलं, अंगठ्याने आत दाबलं
जोवर आतून नको म्हणेना.
मग तार काढली, नवी,
दोन फेर, बाहेरून, सगळ्यांना दिसतील असे,
आणि पक्कडीने पिळत गेले,
तार गाऊ लागेपर्यंत.

"बाहेरून?" झुल्मिराबाई म्हणाल्या. "वाईट दिसतं."
"दिसू दे."
"पैसे किती?"
"झालेत."
त्या बराच वेळ तारेकडे बघत राहिल्या.
मग बोटाने हवेत दोनदा टोचलं: "एकोणीस. वीस."

माझ्या हातातली थापी तशीच.

"तो मोजत बसायचा ना कुंपणावर.
रात्री म्हणाला, अठराच झालेत, सांगू का?
मी म्हटलं गप्प बस, पोरगी शिकतेय."

ओल्या गोणपाटाखाली सात दिवस ठेवलं.
गोणपाटाला पाणी त्याच टाकीतलं,
त्या स्वतः घालत होत्या, वाटीने, न सांडता.
मग टँकर आला. काठोकाठ भरली.
आतल्या भिंतीवर मी कोळशाने रेघ ओढली,
पाण्याला टेकून.

आठ दिवसांनी झाकण उचललं.
मी आधी वास घेतला, मग वाकले.
रेघ कोरडी. पाणी तिच्याखाली बोटभर.
माझ्या पोटात खड्डा पडला.

झुल्मिराबाई शेळीला ओढत आल्या, आत डोकावल्या.
"तेवढं," त्या म्हणाल्या,
"तेवढं आम्ही प्यायलो."